पुस्तक अदलाबदल क्लबचं सदस्यत्व: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाआधी विचारायच्या गोष्टी

अर्जाला हात लावण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: इथे दिलेलं पुस्तक कायमचं जातं, की वाचून परत येतं? दोन्ही ठिकाणांना लोक ‘बुक स्वॅप क्लब’च म्हणतात, पण व्यवहार निराळा. पहिल्या प्रकारात पुस्तकाची मालकीच बदलते. घेणाऱ्याने त्यात रेघोट्या मारल्या, पुढे कुणाला दिलं किंवा रद्दीत घातलं, तरी तुम्हाला बोलायला जागा नाही. दुसऱ्या प्रकारात पुस्तक तुमचंच राहतं आणि मुदतीत परत यायला हवं. ते हरवलं तर भरपाई कोण देणार, हे नियमावलीत लिहिलेलं असावं. नसेल तर लेखी मागा. आजोबांची सही असलेली प्रत पहिल्या प्रकारच्या क्लबात चुकूनही नेऊ नका.

पात्रता

यात अवघड काही नसतं. त्या भागात राहणं किंवा कामाला असणं पुरतं. अर्जदार सज्ञान नसेल तर पालकांची लेखी संमती लागते. काही क्लब जुन्या सदस्याची शिफारस मागतात. कुणी ओळखीचं नसेल तर अदलाबदलीच्या एखाद्या खुल्या दिवशी जाऊन या, ओळख तिथेच होते. मुख्य अट असते ती सुरुवातीच्या पुस्तकांची. बऱ्याच ठिकाणी ठरावीक पुस्तकं जमा केल्याशिवाय खातं सुरू होत नाही.

कागदपत्रं

भरलेला अर्ज, फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, बस. ओळखपत्राची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं ‘फक्त क्लबच्या सदस्यत्वासाठी’ असं लिहून तारीख आणि सही करा. बँकेचे तपशील किंवा बोटांचे ठसे मागत असतील तर सरळ नाही म्हणा. पुस्तकं बदलायला त्यांची काय गरज? अनामत घेतली तर पावती हवी, आणि ती परत मिळण्याची अट पावतीवरच लिहिलेली बरी.

सगळ्यात वेळ खाते ती पुस्तकांची यादी. नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष आणि आयएसबीएन (पुस्तक ओळखण्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), एवढं प्रत्येक पुस्तकाचं लिहायचं. हा क्रमांक मागच्या कव्हरवर बारकोडजवळ किंवा आत प्रकाशनाच्या पानावर सापडतो. 2007 पासून तो 13 अंकी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर 10 अंकी दिसेल. फार जुन्या पुस्तकांवर तो नसतोच, तिथे रकाना मोकळा सोडा. शेवटचा रकाना प्रतीच्या अवस्थेचा. तिथे ‘चांगली’ लिहून मोकळं होण्यात अर्थ नाही. ‘पाठीचा पुठ्ठा सैल, पहिल्या पानावर नाव, पेन्सिलच्या खुणा’ असं लिहिलं की पुढचे वाद टळतात.

काय नाकारतात

सुटलेली पानं, बुरशी आणि कसर लागलेली प्रत कुणी घेत नाही, आणि ते योग्यच आहे. कसरीला बांधणीतली खळ आणि कागद दोन्ही आवडतात. एका पुस्तकातून ती अख्ख्या कपाटात शिरते. शंका असेल तर संग्रहालयांची पद्धत वापरता येते: पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 20 अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवायचं, आणि बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. बुरशी मात्र गारठ्याने मरत नाही, ती फक्त थांबते.

ग्रंथालयाचा शिक्का असलेली पुस्तकं नेऊ नका. रद्द केल्याचा शिक्का असेल तर गोष्ट वेगळी. झेरॉक्स आणि चोरून छापलेल्या प्रतीही नकोत. विकत घेतलेली छापील प्रत दुसऱ्याला देण्यात काही गैर नाही. बेकायदा प्रत पुढे सरकवली तर क्लबही अडचणीत येतो. ई-पुस्तकं या व्यवहारात बसत नाहीत, कारण बहुतेक वेळा आपण पैसे मोजून फक्त वाचण्याचा परवाना घेतलेला असतो. जुने गाइड आणि बदललेल्या अभ्यासक्रमाची पुस्तकं रद्दीवाल्यालाच द्या.

हिशेब

पुस्तकास पुस्तक, की गुण? गुणांच्या पद्धतीत तुम्ही आज पुस्तक देऊन गुण मिळवता आणि हवं ते पुस्तक आलं की त्या गुणांवर घेता. मला ही पद्धत बरी वाटते, कारण त्याच दिवशी मनाविरुद्ध काहीतरी उचलावं लागत नाही. पण तीन खंडांचा संच एक धरतात की तीन, गुणांना मुदत आहे का, हे आधीच विचारा. खंड सुटे देण्याची परवानगी असेल तर मधलाच खंड हाती येण्याची तयारी ठेवा.

अर्ज आणि कागदपत्रांचा खटाटोपच नको असेल तर 2009 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘लिटल फ्री लायब्ररी’सारख्या पेट्या आहेत. एक ठेवा, एक न्या, नोंद नाही. त्याआधी 2001 मध्ये आलेल्या ‘बुकक्रॉसिंग’मध्ये पुस्तकाला क्रमांक देऊन ते सार्वजनिक ठिकाणी सोडून देतात आणि ज्याला सापडेल तो त्याची नोंद करतो. आपली पुस्तकं परत हवीच असा आग्रह असणाऱ्यांनी मात्र दुसऱ्या प्रकारच्या क्लबचाच अर्ज भरावा.

सदस्यत्व सोडताना लेखी कळवा, हातातली पुस्तकं परत करून तशी नोंद करून घ्या आणि उरलेले गुण त्याआधीच वापरून टाका. अनामत परत घेताना मूळ पावती मागतात, तेव्हा ती जपून ठेवा.