डोळ्याला मार लागलाय? तपासणीला येताना मोटरसायकल घरी ठेवा

मे महिन्यात टेनिसचा चेंडू, दिवाळीत फटाका आणि बारा महिने सामान बांधायच्या रबराचा सुटलेला हुक. वाईत डोळ्याला मार बसायला निमित्त कमी नाहीत. पेशंट येतात मात्र लाली उतरल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि एकटेच मोटरसायकलवर. मग काउंटरवर ठरलेलं वाक्य: "थेंब नका टाकू डॉक्टर, गाडी चालवत परत जायचंय. आणि दिसतंय की चांगलं."

इथेच सगळं अडतं. माराने डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) पडणारी छिद्रं पुष्कळदा अगदी कडेला असतात आणि तिथवर पाहायचं तर बाहुली मोठी करावीच लागते. थेंब दोन-तीनदा टाकायचे, अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसायचं, पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर आणि उन्हात डोळे दिपणार. म्हणून सोबत माणूस हवा. नसेल तर आम्ही दुसरी तारीख देतो. तुमचा अर्धा दिवस वाया जातो, आमचाही, आणि राग येतो हेही ठाऊक आहे. पण थेंब न टाकता "पडदा ठीक" असं लिहून द्यायला हात धजत नाही.

"दिसतंय चांगलं" यावर फार विसंबू नका. चेंडू बसला की डोळा क्षणभर पुढून दबतो आणि आडवा फुगतो. आतला काचद्रव, म्हणजे डोळ्यात भरलेला पारदर्शक गर, जिथे पडद्याला घट्ट चिकटलेला असतो तिथे, म्हणजे कडेला, पडदा ताणून फाटतो. तरुणांचा काचद्रव दाट जेलीसारखा असतो, तो फाटलेला भाग बरेच दिवस जागेवर धरून ठेवतो. त्यामुळे पडदा सुटायला कधी कित्येक महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षंही. तोवर तो चेंडू कोणाला आठवतो? पहिल्या वेळी काही सापडलं नाही तरी महिन्याभराने पुन्हा बोलावतो ते यासाठी. शिवाय डोळ्यात रक्त साकळलं असेल तर सुरुवातीला डोळा दाबून कडा तपासता येत नाहीत. फेऱ्या वाढवायची आम्हाला हौस नाही.

कडेला छिद्र सापडलं तर लेझर इथेच होतं, राहावं लागत नाही. लेझरने छिद्र बुजत नाही, त्याच्याभोवती कुंपण पडतं. त्या डागांचा व्रण होऊन पडदा मागच्या थराला धरतो आणि ती पकड घट्ट व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस तालीम, कुस्ती, पोती उचलणं बंद. चष्म्याचा नंबर याने उतरत नाही. लेझर नजर वाढवायला नसतं, आहे ती राखायला असतं.

दुसरी नेहमीची तक्रार: "छिद्र आहे म्हणता आणि काहीच करत नाही!" हे पडद्याच्या मध्यावरचं छिद्र, मॅक्युलाचं. वाचायची, चेहरा ओळखायची जागा हीच. तिथे लेझर मारलं तर तीच जळेल. तरुण वयात माराने पडलेलं लहान छिद्र पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप मिटतं. म्हणून दर दोन-चार आठवड्यांनी ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, काढून आम्ही त्याची रुंदी मोजतो. कडा जवळ येत असतील तर थांबतो. तीनेक महिन्यांत हालचाल नसेल, किंवा छिद्र मोठं होत असेल, तर काचद्रव काढून गॅस भरण्याचं ऑपरेशन. मॅक्युलाची छिद्रं ऑपरेशनने मिटू शकतात हे केली आणि वेंडेल या अमेरिकन डॉक्टरांनी 1991 मध्ये दाखवून दिलं. त्याआधी हात चोळत बसण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. छिद्र मिटलं तरी खालचे थर माराने फाटले असतील तर नजर पुरती परत येईलच असं नाही. हे आम्ही आधीच सांगतो, नंतर नाही.

ऑपरेशनसाठी आम्ही पुण्याला पाठवतो. पण ओसीटीचं मशीन इथे आहे. दर वेळच्या स्कॅनसाठी कात्रज गाठायची गरज नाही.

पाचगणी-महाबळेश्वरच्या मंडळींना एक खास सूचना. डोळ्यात गॅस असताना पसरणीचा घाट चढू नका. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब चढतो; नजर कायमची जाऊ शकते. सर्जन परवानगी देईपर्यंत खालीच नातेवाइकांकडे राहा. विमानही नको. याच काळात दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं तर भूलतज्ज्ञांना गॅसबद्दल आधी सांगा.

अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, वीज चमकल्यासारखं दिसणं, बाजूने पडदा सरकल्यासारखी सावली, यांपैकी काहीही झालं तर अपॉइंटमेंट नको, त्याच दिवशी या. डोळा चिरला किंवा फुटला असेल तर धुवू नका, दाबू नका, थेंबही नको. वरून प्लास्टिकचा कप झाका, काही खाऊ-पिऊ नका आणि ऑपरेशनची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा.

येताना सोबतीला माणूस, काळा चष्मा आणि जुना ओसीटी आणा. मोबाईलमधला फोटो चालत नाही, मूळ प्रिंट लागते.