तीन डोळ्यांचा चौकोन

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात एका चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड मी तीन वर्षं पाहतोय. एका बाजूनं तो उन्हात विटलाय, मधोमध चहाचा ओघळ सुकलाय, खाली कुणीतरी पेनानं दुधाचा हिशोब केलाय. तरी फोन धरला की पैसे जातात. एकदा म्हटलं, "अण्णा, नवा लावून घ्या की." ते म्हणाले, "चालू राह्यलं ना भाऊ, मंग कायले?"

अण्णांच्या या निवांतपणाला गणिताचा आधार आहे. कोड स्वतः आला जपानमधल्या मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून.

1990 च्या सुमारास तिथे साधे बारकोड चालत. उभ्या रेघांच्या त्या कोडात जेमतेम वीस अक्षरं मावतात, त्यामुळे एकेका खोक्यावर दहा-दहा बारकोड चिकटवायचे आणि कामगारांनी ते एकामागोमाग एक वाचून घ्यायचे. हात दुखायचे, वेळ जायचा. डेन्सो कंपनीतले अभियंते मासाहिरो हारा यांनी यावर तोड काढली. रेघांमध्ये माहिती फक्त आडवी भरता येते. चौकटीत आडवी आणि उभी, दोन्हीकडे भरता येईल. ही कल्पना त्यांना 'गो' खेळताना सुचली. तो काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ आहे. 1994 मध्ये क्यूआर कोड बाहेर आला. नुसते आकडे असतील तर त्यात 7,089 पर्यंत मावतात. कंपनीनं पेटंट घेतलं, पण ठरलेल्या मानकाप्रमाणे वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. म्हणून तो अण्णांच्या टपरीपर्यंत पोचला.

कोडाच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. ते त्याचे डोळे. त्यांच्यावरून कुठूनही सरळ रेघ मधोमध काढली, तर काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं यांच्या जाडीचं प्रमाण 1:1:3:1:1 असंच येतं. हे प्रमाण हवेतून आलं नाही. हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यानं मासिकं, पत्रकं, खोकी असं छापील साहित्य तपासून, त्यात सर्वांत कमी आढळणारं प्रमाण हुडकून काढलं. त्यामुळे कॅमेऱ्याला गर्दीतही कोड सापडतो. चौथ्या कोपऱ्यात डोळा नाही, म्हणून कोड उलटा धरलाय की आडवा, तेही लगेच कळतं.

आता चहाच्या ओघळाकडे येऊ.

समजा मला तुम्हाला दोनच आकडे कळवायचेत: 3 आणि 5. दोघांत फरक 2 चा. तोच फरक पुढे नेऊन मी आणखी दोन आकडे जोडतो आणि 3, 5, 7, 9 असे चार पाठवतो. वाटेत पहिले दोन पुसले गेले, तरी तुमच्या हाती 7 आणि 9 आहेत. मागे मोजत जा: 5, 3. निरोप पुरा. समजा पुसलं काहीच नाही, पण एक आकडा बिघडला आणि 3, 5, 8, 9 असं पोचलं. कोणता बिघडला हे मी सांगितलेलं नाही. तरी पहिला, दुसरा आणि चौथा एका चालीत बसतात. 8 तेवढा रांगेबाहेर. चोर सापडला, तिथे 7 लिहा. जोडीला नेलेले दोन आकडे, एरवी ओझंच, ऐन वेळी उपयोगी पडले.

आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या गणितज्ञांनी 1960 मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे. फक्त सरळ रेषेऐवजी तिथे अधिक वळणांची समीकरणं असतात. ओरखडे पडलेली सीडी गाणं म्हणत राहते ती याच हिशोबावर. क्यूआर कोडात दुरुस्तीच्या चार पातळ्या आहेत. खालच्या पातळीवर सुमारे 7 टक्के मजकूर बिघडला तरी चालतो, वरच्या पातळीवर सुमारे 30 टक्के. कारखान्यातल्या तेलकट हातांसाठी केलेली ही सोय होती.

इतकं असून चौकोनाच्या पोटात असतं काय? अण्णांच्या कोडात पैसे नाहीत, खातं नाही. फक्त त्यांचा यूपीआय पत्ता आणि नाव. बाकीचं काम दूरवरचे संगणक करतात. (हे लक्षात असलं की "पैसे मिळवायला हा कोड स्कॅन करा" म्हणणारा भामटा ओळखता येतो. अशा कोडानं पैसे द्यायचे असतात.)

केळीच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल धुऊन खोक्यांत भरतात तिथेही, कोड असाच नुसता पत्ता सांगतो. रावेर-यावल पट्ट्यातून आखाती देशांकडे जाणाऱ्या मालाच्या फण्या धुतल्या जातात, वजन होतं, खोकी भरतात, कंटेनर 13-14 अंशांवर ठेवतात. त्याखाली गेलं तर केळ्याची साल काळवंडते. हातांचं हे काम फारसं बदललेलं नाही. बदललंय ते खोक्यावरचं कोडाचं लेबल. माल कुठल्या शेतातला, कटाई कधीची, याचा माग त्यावरून लावता येतो. परदेशातल्या खरेदीदाराला डाग आढळला, तर बोट थेट एका बांधावर ठेवता येतं. उलट दिशेनं, ते केळं तिकडे कितीला विकलं गेलं, हे बांधावरच्या माणसाला लेबल सांगत नाही. माग एकाच बाजूनं लागतो, ही गोष्ट मला खटकते.

तसा जगाचा बाजार खानदेशाला नवा नाही. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो उतरला. डिजिटल म्हणाल, तर देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं.

माझी मावसबहीण सातपुड्याच्या पायथ्याशी प्राथमिक शाळेत शिकवते. बालभारतीच्या पुस्तकांत धड्यापाशी क्यूआर कोड असतो. 2017 मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-ॲपवर तो नेऊन सोडतो. कोडाजवळ सहा अक्षर-अंक छापलेले असतात, कॅमेरा फुटका असेल तर तेच टाकायचे. चांगली सोय. पण चौकोनात व्हिडिओ नसतो, व्हिडिओचा पत्ता असतो, आणि तिच्या शाळेत रेंज पाण्याच्या टाकीपाशीच मिळते. म्हणून ती रात्री घरी व्हिडिओ उतरवून आणते. फाटक्या पानाची दुरुस्ती रीड-सॉलोमन करतात, रेंजची दुरुस्ती बाई करतात.

भाषेचंही तसंच. क्यूआर कोडात जपानी कांजी चित्रलिपीसाठी खास सोय आहे: एका अक्षराला 13 बिट, म्हणजे शून्य-एकच्या 13 खुणा. 'टोकियो' ही त्यांची दोन अक्षरं, 26 बिटांत काम झालं. रोमन मोठ्या अक्षरांतलं 'जळगाव' 39 बिटांत बसतं. देवनागरीतलं 'जळगाव' मात्र नेहमीच्या युनिकोड पद्धतीनं, काना वेगळा धरून, 120 बिट खातं. यात कुणाचा कट नाही. ज्यांच्या कारखान्यात चौकोन घडला, त्यांनी आपल्या भाषेची सोय आधी पाहिली, एवढंच.

दुव्याच्या पलीकडचा व्हिडिओ प्रमाण मराठीत 'आहे' म्हणतो. पोरांच्या घरी अहिराणीतलं 'शे' असतं, वरच्या पाड्यांवरून येणाऱ्यांच्या घरी पावरी ही आदिवासी बोली. बहीण दर दोन मिनिटांनी व्हिडिओ थांबवते आणि अहिराणीत सांगते; पावरीतलं एक मुलगी तिला पुरवते. पडदा आल्यावर शिक्षकाचं काम कमी होईल म्हणतात. तिचं वाढलंय.

मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा पाचवीच्या वर्गाला चहावाल्या अण्णांची गोष्ट सांगितली. पोरांनी लगेच परीक्षा लावली. कोडावर कागदाचे कपटे ठेवत गेले: एक, दोन, चार. फोन प्रत्येक वेळी धडा उघडत होता. शेवटी मागच्या बाकावरच्या एका पोरानं बाकीचे सगळे कपटे काढून टाकले आणि एकच, नखाएवढा, वरच्या कोपऱ्यातल्या डोळ्यावर ठेवला. फोन नुसता बघत राहिला.

"बाई, आंधळा व्हयना!" पोरगं ओरडलं.