वाट फूमिनची भित्तिचित्रं

वाट फूमिन म्हणजे थायलंडच्या उत्तरेतल्या नान गावचं बौद्ध मंदिर, १५९६ मध्ये बांधलेलं. वाट म्हणजे मंदिर, आणि फूमिन हा आपलाच भूमींद्र, थाई जिभेवर वळलेला. दोन मोठे नाग अख्खी इमारत पाठीवर घेऊन निघालेत असं बाहेरून वाटतं, एका दाराशी फणे आणि समोरच्या दाराशी शेपट्या, आत चार दिशांना तोंड करून चार बुद्ध पाठीला पाठ लावून बसलेत.

पण खरी श्रीमंती भिंतींवर आहे. १८६७ ते १८७५ मध्ये मंदिराची मोठी डागडुजी झाली, चित्रं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. ती ताई लू समाजातल्या बुआ फान या चित्रकाराची मानतात, कारण नान प्रांतातल्याच वाट नोंग बुआमधली चित्रं अगदी याच हाताची वाटतात आणि तिथे घडीच्या कागदी वहीत कच्ची रेखाटनंही जपून ठेवलीत.

गोष्ट खत्थन कुमाराच्या जातकाची, जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा. हत्तीच्या पावलात साचलेलं पाणी पिऊन एका बाईला दिवस जातात, तो हत्ती म्हणजे इंद्र, आणि पोटी येतो तो हा कुमार. हे जातक पाली त्रिपिटकातल्या ५४७ मध्ये नाही, लान्ना म्हणजे उत्तर थायलंडच्या जुन्या राज्याच्या परंपरेतलं आहे. पण बुआ फानचा जीव कथेपेक्षा गावात जास्त रमलेला दिसतो, कारण देव आणि राजे असतातच, पण त्यांच्या आजूबाजूला बाया मागावर बसल्यात, पोरं पोरींशी बोलायला आलीत, कुणी विडी ओढतंय, शिवाय परदेशी गोरे आणि वाफेची बोटसुद्धा आहे. अजिंठ्यातही जातकांच्या निमित्ताने त्या काळचे कपडे आणि घरं दिसतात ना, तसंच.

सगळ्यात प्रसिद्ध आहे ती कुजबुजणारी जोडी. अंगावर गोंदलेला पुरुष तिच्या खांद्यावर हात ठेवून, दुसऱ्या हाताचा तोंडाशी आडोसा करून कानात काहीतरी सांगतोय, ती डोक्यावर अंबाडा घातलेली, नजर बाजूला, ऐकतेय पण कबूल काहीच करत नाहीये! स्थानिक लोक त्यांना ‘पू मान या मान’ म्हणतात, म्हणजे बर्मी पुरुष आणि बर्मी बाई. नानमध्ये टी-शर्टपासून कपांपर्यंत सगळीकडे हीच दोघं.

बायकांच्या लुंगीवजा सिनवर पायऱ्यापायऱ्यांची एक नक्षी असते, तिला ‘लाय नाम लाय’ म्हणजे वाहत्या पाण्याची नक्षी म्हणतात, आणि नानच्या ताई लू गावांमध्ये बाया ती आजही मागावर विणतात.