रोबोची लिफ्ट वर जाते, पण तिथे थांबत नाही? मोटर बदलण्याआधी हे वाचा

प्रोजेक्टचे दिवस आले की आमच्या जळगावच्या काउंटरवर रोज कुणीतरी रोबो घेऊन येतं. "दादा, लिफ्ट मस्त चढते, पण बटण सोडलं की सरकत खाली येते. याहून दमदार मोटर द्या." दमदार मोटर आमच्याकडे आहे, पण नुसत्या तिने हे दुखणं सहसा जात नाही.

आधी शाफ्ट आणि पुलीवर मार्करने एक सलग रेघ मारा. लिफ्ट घसरल्यावर रेघ तुटली, तर ग्रब स्क्रू (पुलीला शाफ्टवर पक्की धरणारा छोटा स्क्रू) ढिला आहे. पुन्हा आवळा, खर्च शून्य. रेघ जुळलेलीच राहिली, तर भार मोटरलाच उलटं फिरवतोय.

इथेच बहुतेक जण चुकतात. लिफ्ट वर धरून ठेवायला मोटरला करंट चालूच ठेवतात. चार-पाच सेकंद चालून जातं. पण मोटर फिरत नसली की तिला दिलेल्या सगळ्या विजेची उष्णता होते. १२ व्होल्टवर २ अँपिअर म्हणजे २४ वॅट. तुमची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तेवढी धग त्या छोट्याशा डब्यात कोंडते, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ला टेकतो तेव्हा तर विचारूच नका. वाइंडिंगचं व्हार्निश जळतं. अशी मोटर आम्ही बदलून देत नाही. मात्र झाकण उघडून काळी पडलेली वाइंडिंग तुमच्यासमोर दाखवतो, म्हणजे मनात शंका राहत नाही.

विहिरीतली पाण्याची मोटर चेन कप्पीने वर काढताना पाहिली असेल. ओढणारा साखळी सोडून पाणी प्यायला गेला तरी मोटर जागेवर लटकलेली राहते, कारण तिच्या वजनानेच कप्पीतला ब्रेक आवळला जातो. रोबोतही उचलणारा वेगळा आणि धरणारा वेगळा हवा.

सर्वांत भरवशाची वर्म गिअर मोटर: वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आट्यांचा दांडा, चाकाला फिरवतो, चाक वर्मला सहसा फिरवू शकत नाही. वेग कमी मिळतो आणि बरीच ताकद घर्षणात जाते, हे आधीच सांगतो. बजेट नसेल तर भंगारातली चारचाकीची वायपर मोटर बघा. तिच्यात वर्मच असतो.

टी-८ स्क्रू रॉड (८ मिमी जाडीचा आट्यांचा रॉड, ज्यावर नट वर-खाली सरकतो) घेणाऱ्यांनी जपून. दोन रॉड दिसायला सारखेच, पण एका फेऱ्यात नट ८ मिमी सरकणारा रॉड भाराखाली उलटा फिरतो. २ मिमीवाला धरून ठेवतो. म्हणून रॉड देताना आम्ही "कशासाठी?" विचारतो. त्याचा राग मानू नका.

आहे तीच मोटर ठेवायची असेल, तर सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा स्प्रिंग लावून लिफ्टचा तोल साधा. रिकामी लिफ्ट २ किलोची असेल तर साधारण दीड किलोचा ताण द्या, म्हणजे ती खालीही येईल. ड्रायव्हरचा (मोटर चालवणाऱ्या सर्किटचा) ब्रेक मोड वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. त्यात मोटरच्या वायरी एकमेकींना जोडल्या जातात, एवढंच. मोटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून शाफ्ट हाताने फिरवून बघा: जड लागतो, तरी फिरतो. भारही तसाच हळूहळू उतरणार.

येताना लिफ्टचं भारासकट वजन आणि पुलीची त्रिज्या लिहून आणा. ३ किलो आणि २ सेंमी म्हणजे ६ किलो-सेंमी. त्याच्या तिप्पट-चौपट स्टॉल टॉर्कची (मोटर अडून थांबते तेव्हाच्या जोराची) मोटर आम्ही सुचवतो. मोजलं नसेल तर लिफ्टच घेऊन या, वजनकाटा काउंटरवर आहे.