‘लाइन गेली’ की ‘डाउन’? दुरून नेटवर्क पाहायला शिकवण्याची पार्श्वभूमी

विदर्भातल्या कुठल्याही गावात ‘लाइन गेली’ म्हटलं की ऐकणारा आधी पंख्याकडे बघतो. लाइन म्हणजे वीज. गावात टेलिफोन आला तेव्हा त्याचीही लाइनच आली आणि दोन्हीकडच्या माणसाला लोक लाइनमनच म्हणू लागले. ग्रामपंचायतीत फायबर पोचल्यावर ती तिसरी लाइन झाली. तालुक्याला बसून, पडद्यावर पाहून गावोगावचं नेटवर्क सांभाळायला पोरांना शिकवण्याचे जे प्रयत्न गेल्या दहा-बारा वर्षांत इकडे झाले, त्यांचं घोडं बरंचसं या एका शब्दापाशी अडलेलं आहे.

तांब्याच्या तारांचा काळ थोडक्यात उरकतो. १९८६ पासून १२८ लाइनींची देशी ग्रामीण एक्स्चेंजं गावांत बसू लागली. एसीशिवाय चालतात ही त्यांची मोठी बाजू, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तिची किंमत काय ते सांगायला नको. तेव्हाची दूरदेखरेख म्हणजे १९८ वर नोंदवलेली तक्रार. फोन बंद पडलेला माणूस शेजाऱ्याच्या फोनवरून ती नोंदवायचा, मग लाइनमन मेगर (तारेचं आवरण तपासायचं यंत्र) आणि टेस्टर घेऊन निघायचा. शिक्षण म्हणजे जुन्या लाइनमनच्या मागे सायकलवर फिरणं.

त्याच सुमारास परदेशात मात्र दुरून पाहण्याची पद्धत ठरत होती. १९८८ मध्ये एसएनएमपी आलं, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांची खबर घेण्याचं मानक. मधल्या संगणकाने ठरावीक वेळाने प्रत्येक उपकरणाला ‘कसं काय, बरं आहे ना’ विचारायचं, अशी त्याची साधी रीत. नोव्हेंबर १९९१ मध्ये त्याला आरएमऑनची जोड मिळाली. रिमोट नेटवर्क मॉनिटरिंग हे नाव रूढ झालं ते याच मानकामुळे. त्यातली कल्पना आजही मला सगळ्यात शहाणी वाटते. दूरच्या ठिकाणी एक प्रोब, म्हणजे मोजणारं यंत्र, बसवायचा आणि मोजणी त्यानेच करायची, त्याची वहीही त्यानेच ठेवायची. मधली तार तुटली तरी त्याचं काम चालू राहायला हवं, हे त्या मानकाच्या उद्दिष्टांतच लिहिलेलं आहे. इशाऱ्यासाठी दोन पातळ्या असतात, एक चढती आणि एक उतरती. आकडा वरच्या पातळीला टेकला की एकदाच घंटा. मग तो खालच्या पातळीपर्यंत उतरल्याशिवाय दुसरी घंटा नाही. भामरागडच्या माणसाला हे समजवायला पर्लकोटा नदीचा पूल पुरतो. पाणी पुलाला लागलं हे एकदा सांगितलं की झालं, प्रत्येक लाटेला फोन करत बसायचं नसतं.

ही कल्पना इथल्या वर्गांपर्यंत पोचलीच नाही. पोचला तो थेट पडदा, लाल-हिरव्या ठिपक्यांचा.

ऑक्टोबर २०११ मध्ये देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. जुलै २०१७ मध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला आणि महाराष्ट्राने तो राज्याच्या यंत्रणेमार्फत, महानेट म्हणून हाती घेतला. मला जवळून माहीत आहे तो याच्या आसपासचा काळ. प्रशिक्षणाला यायची ती आयटीआयमधून वायरमन, इलेक्ट्रिशियन किंवा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स) केलेली पोरं, बहुतेक ठेकेदाराकडची. फायबर जोडण्यात हात बसलेला, स्प्लाइसिंग मशीनचा पडदा तोंडपाठ. पण देखरेखीचा धडा प्रोजेक्टरवरच्या चित्रांतून व्हायचा. चालू यंत्रणेत लॉगिन करून कुणी काही दाखवलं नाही. चित्रं तर भलत्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरची होती.

त्या चित्रात लाल ठिपका म्हणजे ‘डाउन’. इथून गोंधळ सुरू होतो.

ग्रामपंचायतीतला डबा, म्हणजे फायबरच्या टोकाला बसवलेलं ओएनटी, गप्प होण्याची निदान तीन वेगळी कारणं आहेत. पहिलं, त्याची वीज गेली. वीज जाताना डब्यात क्षणभर पुरेल इतकी ऊर्जा उरते, तेवढ्यात तो तालुक्याच्या ओएलटीला, म्हणजे गावोगावचे डबे ज्याला जोडलेले असतात त्या एक्स्चेंजमधल्या यंत्राला, शेवटचा निरोप धाडतो. इंग्रजीत त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. वर्गात एका पोराने त्याचं ‘आचका’ केलं आणि ते चिकटलं. दुसरं, केबल तुटली. मग आचका येत नाही, नुसता प्रकाश हरवतो, पडद्यावर ‘लॉस’ दिसतं. तिसरं, तालुक्याचं एक्स्चेंजच मधल्या केंद्रापासून तुटलं. तेव्हा गावं चांगली असू शकतात, फक्त त्यांची खबर येत नाही. यंत्रणा त्यांना करडा रंग देते, पण सकाळच्या अहवालात तो रंग उरत नाही. तिथे सगळंच ‘डाउन’.

भर म्हणजे आचकाही फसवतो. वीज आधी गेली आणि तासाभराने रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल उचकटली, तर पडद्यावर नोंद राहते ती आचक्याचीच. पोरगं म्हणतं, ‘लाइन गेली हाये, येईन.’ वीज येते, गाव येत नाही, आणि तोवर दोन दिवस गेलेले असतात. नागपूर–तुळजापूर रस्त्याचं चौपदरीकरण चालू होतं तेव्हा वर्धा-यवतमाळकडे हे अपवादाने घडत नव्हतं.

उलट प्रकार त्याहून मजेशीर. एका तालुक्यात काही गावं रोज संध्याकाळी साडेपाचच्या आसपास लाल व्हायची आणि सकाळी दहानंतर आपोआप हिरवी. पाच-सहा चकरा झाल्या, स्प्लाइस तपासले, पॅचकॉर्ड बदलले. शेवटी ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरला विचारलं, ‘भाऊ, संध्याकाळी काही करता का?’ तो म्हणाला, ‘काई नाई, कुलूप लावतो. मेन बंद करतो. सायबानंच सांगतलं, शॉर्टसर्किट नको म्हून.’ आठवड्याचा आलेख कुणी एकदा उघडला असता तर ती करवतीच्या दातांसारखी रेघ दुसऱ्याच दिवशी दिसली असती. १९९१ च्या त्या मानकात इतिहास नावाचा एक वेगळा गटच आहे, नेमका यासाठी.

‘डाउन’च्या अर्थावर पैसेही अडकलेले असायचे, म्हणून तो कुणी सरळ करायला धजत नव्हतं. देखभाल करणाऱ्याचं म्हणणं, वीज नसेल तर तो आमचा बिघाड नाही, तो वेळ हिशेबातून वजा करा. ग्रामपंचायत म्हणायची, दाखले निघत नाहीत, आम्हाला कारणाशी काय करायचं? वरच्या कार्यालयाला महिन्याअखेरीस नेटवर्क किती वेळ चालू होतं त्याच्या टक्केवारीचा एक आकडा हवा असायचा. बाजू तिघांच्याही होत्या, पण वर्गात शिकवली जायची ती पहिलीच, कारण शिकवणारा त्याच बाजूचा. आधी वीज विचारा, असं पोरांना सांगितलं गेलं. सल्ला वाईट नाही. पण त्याने वजावट शिकवली, बिघाडाचं निदान करायला शिकवलं नाही.

दुसरा वाद लॉगिनचा. तालुक्याच्या तंत्रज्ञाला यंत्रणा पाहू द्यायची की नाही? नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता. एक चुकीची क्लिक आणि ओएलटीवरची सगळी गावं बसली, असं होऊ शकतं. पण फक्त पाहण्यापुरतं लॉगिन देण्याची सोय अशा सॉफ्टवेअरमध्ये असतेच. ती वापरली गेली नाही. त्याऐवजी रोज सकाळी व्हॉट्सॲपवर लाल गावांची यादी यायची. पोरगं मोटरसायकल काढून तीस किलोमीटरवरच्या गावाला पोचायचं तोवर वीज आलेली, ठिपका हिरवा. पेट्रोल त्याचं. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणावर या एका निर्णयाने पाणी पडलं. दुरून पाहायला शिकवायचं आणि पाहू द्यायचं नाही, तर शिकलेलं महिन्याभरात विरतंच.

केबल खरंच तुटली तर अंतर मोजायला ओटीडीआर. १९७६ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेली ही युक्ती: फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडायचा आणि परत येणाऱ्या पुसट प्रतिध्वनीवरून जागा ओळखायची. मशीन म्हणतं ४.८ किलोमीटर. पोरगं मोटरसायकलच्या मीटरवर ४.८ मोजून खणायला लागतं आणि तिथे केबल ठणठणीत निघते. कारण केबलच्या आतल्या नळीतलं फायबर केबलपेक्षा थोडं लांब असतं, प्रत्येक जोडाच्या खड्ड्यात काही मीटरचं वेटोळं ठेवलेलं असतं, आणि मशीनमध्ये अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती हळू जातो तो आकडा) १.४६८ च्या जागी १.४६ राहिला तर दहा किलोमीटरला पन्नासेक मीटरचा फरक पडतो. कपाशीच्या काळ्या मातीत पन्नास मीटर म्हणजे दिवसभराचं काम, पावसाळ्यात तर विचारूच नका. तीच माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि जोडांवर ताण देते. पण जोडाच्या खड्ड्यांची यादी कुणाच्या तरी वहीत असायची आणि ती वही वर्गात आली नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांचा. त्यात ग्रामपंचायतीत राउटर आहे, वीज गेल्यावर आधार देण्याची सोय आहे, दहा वर्षांची देखभाल आहे. फायबरवर दुरून सतत नजर ठेवणारी यंत्रणाही आहे, म्हणजे एका जागी बसवलेला ओटीडीआरच. तुटल्याची जागा तो आपणहून कळवणार. तो देईल ते अंतरही फायबरचंच असणार, रस्त्याचं नव्हे.

आणखी एक बदल कळीचा. आता रचना वर्तुळाची आहे. केबल एका बाजूने तुटली तरी गाव दुसऱ्या बाजूने चालू राहतं. ग्रामपंचायतीत दाखले निघत असतात, ऑपरेटर कुणाला फोन करत नाही, ठिपका हिरवा असतो, आणि केबल मात्र तुटलेलीच. दुसरीकडे घाव बसेपर्यंत कुणी खणायला जाणार नाही, कारण ‘डाउन’ काहीच नाही. नव्या तुकड्यांना शिकवायच्या पुस्तिकेत या स्थितीला काय म्हणायचं, हे ठरवावं लागेल. गावात तरी तिला अजून शब्द नाही.