विनाइल तबकडी आणि सीडी : ध्वनिगुणवत्ता

विनाइलची एलपी (लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी) १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने आणली. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून घडवलेली सीडी १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली. यांपैकी कोणाचा आवाज चांगला, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मूळ ध्वनिमुद्रणाशी इमान राखणे हा निकष लावला तर सीडी स्पष्टपणे सरस ठरते.

तबकडीच्या चरीच्या भिंतींवर ध्वनिलहरींचा आकारच कोरलेला असतो. सुई त्या वळणांवरून घासत जाते आणि तिच्या थरथरीतून विजेचा संकेत तयार होतो. सीडीवर त्याच लहरीची मोजमापे असतात : डाव्या-उजव्या प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. यामुळे सीडीचा आवाज तुटक, पायऱ्यापायऱ्यांचा होतो हा समज मात्र खरा नाही. एवढ्या नमुन्यांतून सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतची लहर सलग उभी राहते आणि तरुण, निरोगी कानही २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही.

सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल असते, चांगल्या तबकडीवर ६० ते ७०. विरत जाणारा पियानोचा स्वर तबकडीवर खरखरीत बुडू लागतो, तेव्हा सीडीवर तो अजून स्वच्छ ऐकू येत असतो.

तबकडीची खरी अडचण लेबलाजवळ कळते. फिरण्याची गती मिनिटाला ३३⅓ फेरे अशी कायम असली, तरी कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर चर सरकते आणि आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत मावायचा, म्हणून वरच्या स्वरांची वळणे दाटीवाटीने येतात आणि सुईला ती नेमकी पकडता येत नाहीत. तबकडीच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे लागतात ते यामुळे. संथ, हळुवार गाणे शेवटी ठेवण्याची चाल त्यातूनच पडली. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि फिरण्याची गती ५०० फेऱ्यांवरून २०० पर्यंत उतरत जाते, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या गाण्यात असा फरक पडत नाही.

खर्जाचीही तडजोड आहे. दोन वाहिन्यांत वेगवेगळा भारी खर्ज आला तर सुई वरखाली उसळून चरीबाहेर पडू शकते, म्हणून तबकडी कापताना तो मध्यभागी आणतात.

तरीही अनेक जाणत्या कानांना तबकडी उबदार वाटते, आणि ते खरेच तसे ऐकत असतात. सुईमुळे होणारी सौम्य विकृती आणि वाहिन्यांची किंचित सरमिसळ कानाला सुखावू शकते. त्याहून मोठे कारण मास्टरिंगचे, म्हणजे प्रती काढण्याआधी ध्वनिमुद्रणाला अंतिम रूप देऊन त्याची मूळ प्रत (मास्टर) बनवण्याचे. १९९०च्या दशकापासून अनेक सीडींचा आवाज इतका दाबून चढवला गेला की संगीतातले चढउतारच सपाट झाले. हे संगीताचे मोठे नुकसान होते आणि त्यात माध्यमाचा दोष नव्हता. त्याच संगीताच्या तबकडीसाठी कधीकधी वेगळे, मोकळे मास्टर वापरले जाते, आणि मग तबकडी खरोखरच सरस वाजते.

म्हणून तुलना करायची तर मास्टर एकच हवे आणि दोन्हींचा आवाज मोजून सारखा केलेला हवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. तबकडी वाजत असताना तिचे सीडीच्या दर्जाचे मुद्रण करून ऐकले, तर ती ऊब खरखरीसकट त्यात उतरलेली असते.