हलता फॉन्ट

ज्यातील अक्षरांचे आकार कोडच्या सूचनांनुसार क्षणोक्षणी बदलत राहतात, तो हलता फॉन्ट. अक्षराच्या कडेवरचे बिंदू आणि ते सरकवण्याचे नियम एवढे अक्षररचनाकार ठरवतो. पडद्यावर दिसणारे रूप संगणक दर वेळी नव्याने काढतो.

अक्षर नियमांनी बांधण्याची कल्पना संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या मेटाफॉन्ट या संगणकभाषेत १९७० च्या दशकाअखेरीस आली होती. तिला खोडकर वळण दिले ते एरिक फान ब्लोकलांड आणि युस्ट फान रोसुम या डच जोडीने. त्यांच्या ‘बेओवोल्फ’ (१९९०) या फॉन्टमध्ये रेषा ओढण्याच्या नेहमीच्या आज्ञांच्या जागी ‘फ्रीकटू’ ही स्वतःची आज्ञा होती. ती प्रत्येक बिंदू थोडासा इकडेतिकडे ढकलायची, त्यामुळे एकाच कागदावरचे दोन ‘ए’ही सारखे उमटत नसत. हा फॉन्ट हलत नव्हता, पण अक्षराला कायमचा साचा लागतोच हा समज त्याने मोडला. पुढे युस्ट यांनी ‘ड्रॉबॉट’ हे साधन केले. त्यात पायथन या संगणकभाषेच्या चार ओळी लिहून अक्षरांची चित्रफीत काढता येते. (पायथन ही भाषा त्यांचे थोरले भाऊ गिदो यांची.)

२०१६ मध्ये व्हेरिएबल फॉन्टचे, म्हणजे एकाच फाइलमधल्या फॉन्टची जाडी, रुंदी हवी तशी सलग बदलण्याचे, तंत्र जाहीर झाले आणि हे काम ब्राउझरमध्ये आले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचा ‘अनेक’ हा फॉन्ट घ्या. त्याची जाडी १०० (अगदी बारीक) ते ८०० (ठळक) पर्यंत सलग बदलते. जाडी = ४५० + ३५० × साइन(वेळ + अक्षराचा क्रमांक) असे सूत्र लिहिले, की शब्दातून लाट सरकताना दिसते, कारण साइनची किंमत −१ ते १ मध्ये वरखाली होत राहते.

देवनागरीत मात्र खरी कसोटी लागते. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर, पण संगणकाला क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार तुकडे. रोमनसाठी लिहिलेला कोड ते वेगळे करतो आणि वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकते. म्हणून शब्द आधी जोडाक्षरांसकट अक्षरांत तोडावा लागतो. तेवढ्यानेही भागत नाही. जाडीबरोबर शिरोरेषाही जाड होते, आणि शेजारच्या दोन अक्षरांत फरक मोठा असेल तर तिला पायऱ्या पडतात. लाट लांब ठेवली, म्हणजे क्रमांकाला ०.२ सारख्या लहान संख्येने गुणले, की पायऱ्या डोळ्यांना खुपत नाहीत. जाडी सोडून रुंदीवर खेळले तर त्याहून बरे. तेव्हा अक्षरे शिरोरेषेखाली आकसतात, पसरतात आणि शब्द अखंड राहतो.